डॉलरचा गुणाकार आणि घरचा हिशेब

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात देशाची पारपत्रे छापली जातात आणि तेथीलच चलार्थ पत्र मुद्रणालयात रुपयाच्या नोटा. पहिल्याचा प्रारंभ १९२५ सालचा, दुसऱ्याचा १९२८ चा. परदेशाचे दार उघडणारी पुस्तिका आणि स्वदेशाचे चलन या दोन्ही गोष्टी ज्या नगरीत सिद्ध होतात, त्या नगरीतील मध्यमवर्गीय घरांना आता या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न पडू लागला आहे. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की ओझरची एचएएल वसाहत. परदेशातील नोकरीचा वा शिक्षणाचा विषय कधी निघालाच नाही, अशी सुशिक्षित घरे विरळाच म्हणावी लागतील.

परदेशी नोकरीचे पत्र हाती आले की घरात पहिला हिशेब होतो तो गुणाकाराचा. वर्षाला एक लाख डॉलर. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. म्हणजे नव्वद लाख! आकडा ऐकून आजोबा चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचतात आणि संध्याकाळपर्यंत ती वार्ता सोसायटीच्या चारही जिन्यांवर पोहोचते. आनंद अस्थानी नाही. मुलाने कर्तृत्व गाजविले, याचा अभिमान आई-वडिलांनी बाळगू नये तर कोणी बाळगावा? परंतु हा गुणाकार मुळातच सदोष आहे आणि सदोष हिशेबाची किंमत पुढे मोठी पडते. त्याच्या भरवशावर राहते घर कर्जासाठी गहाण पडते, चांगली चाललेली दुसरी नोकरी सुटते आणि थकलेली माणसे रिकाम्या घरात एकटी उरतात.

एकच पगार, दोन गावे

एका देशात, एकाच चलनातही पगाराचे वजन गावागणिक बदलते, हे सरकारला पुरते ठाऊक आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात, नाशिक वाय वर्गात. २०२४ पासून एक्स शहरात मूळ वेतनाच्या ३० टक्के, तर वाय शहरात २० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. नाशिकहून मुंबईस बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या घरी या वाढीव भत्त्याचे पेढे कोणी वाटत नाही. ती रक्कम मुंबईच्या घरमालकाकडे जाणार, हे घरातील शाळकरी मुलालाही कळते. अंतर जेमतेम एकशे सत्तर किलोमीटरचे असताना जो विवेक शाबूत असतो, तो समुद्र ओलांडताना का सुटावा?

दोन देशांतील निर्वाहखर्चाची तुलना कशी करावी, यावर अर्थशास्त्रज्ञांनी अर्धशतकाहून अधिक काळ परिश्रम घेतले आहेत. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी ‘आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम’ हाती घेतला. आयर्विंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स ही त्यामागची नावे. कल्पना साधी होती. धान्य, कापड, घरभाडे, डॉक्टरची फी, केशकर्तन अशा वस्तू आणि सेवांची टोपली घ्यायची, ती भरण्यास कोणत्या देशात किती चलन लागते ते पाहायचे आणि त्यावरून चलनाची क्रयशक्ती ठरवायची. आज हा कार्यक्रम जागतिक बँकेच्या देखरेखीखाली चालतो. त्याच्या २०१७ सालच्या पाहणीनुसार बाजारात एका डॉलरला ६५.१२ रुपये मोजावे लागत होते. परंतु अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे, ते भारतात सरासरीने २०.६५ रुपयांत मिळत होते. याचा अर्थ, भारतात खर्चिला जाणारा रुपया बाजारभावाने दिसतो त्याच्या तिपटीहून अधिक काम करतो.

टोपलीत काय आहे, याकडेही लक्ष ठेवणे आवश्यक आहे. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे ब्रिटिश साप्ताहिक १९८६ पासून बिग मॅक या बर्गरच्या किमतीवरून देशोदेशींच्या चलनांची तुलना करीत आले आहे. भारतात गोमांसाचा बर्गर विकला जात नाही. म्हणून येथे कोंबडीच्या ‘महाराजा मॅक’चा भाव धरावा लागतो. विनोदाचा भाग सोडला तरी यातील धडा महत्त्वाचा आहे. टोपली आपली नसेल, तर तुलनाही आपली राहत नाही. ‘मर्सर’ या संस्थेच्या २०२४ सालच्या यादीत २२६ शहरे होती. हाँगकाँग सर्वांत महाग, मुंबई १३६ व्या आणि पुणे २०५ व्या स्थानी. ही यादी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून तयार होते. पंचवटीत वाढलेल्या आणि घरी वरण-भात-पोळी-भाजी खाणाऱ्या कुटुंबाची टोपली तीत सापडायची नाही. ती ज्याची त्यानेच मांडली पाहिजे.

खर्चाचा डॉलर आणि शिलकीचा डॉलर

उदाहरणादाखल एक घर कल्पावे. पतीला वर्षाला चौदा लाख, शिक्षिका असलेल्या पत्नीला सात लाख. एकूण उत्पन्न एकवीस लाख. पतीला अमेरिकेत एक लाख डॉलरची नोकरी चालून आली. गुणाकाराने ते नव्वद लाख होतात. क्रयशक्तीचा दर वीस-एकवीस रुपयांच्या आसपास धरला, तर तेच वेतन येथील वीस-एकवीस लाखांच्या राहणीइतके भरते. म्हणजे जेथून निघाले, जवळपास तेथेच!

त्यातही करांचा विचार अजून झालेला नाही. भारतात २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वेतनावर प्राप्तिकर पडत नाही. अमेरिकेत पगारातून प्रथम सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर यांपोटी ७.६५ टक्के कापले जातात. त्यानंतर केंद्राचा प्राप्तिकर आणि बहुतेक राज्यांत राज्याचाही. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. कॅलिफोर्नियात त्याचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळण्यास चाळीस तिमाही, म्हणजे दहा वर्षे, तेथे काम झालेले असावे लागते. जर्मनी, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांशी भारताने सामाजिक सुरक्षेचे करार केले. अमेरिकेशी असा करार झालेला नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांनी परतणाऱ्याची ती वर्गणी बहुधा तिकडेच राहते.

तर मग परदेशी जाणारे सगळे फसतात काय? मुळीच नाही. येथेच या हिशेबाची खरी मेख आहे. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणारा कामगार कुटुंब मागे ठेवतो, एका खोलीत चौघांसह राहतो, हाताने रांधतो आणि मिळकतीचा मोठा भाग घरी धाडतो. त्याचा पैसा येथे खर्च होतो, येथील भावाने. त्याने दिनारास वा दिऱ्हमास बाजारभावाने गुणले, तर त्याचे गणित बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये अशा रीतीने देशात १३५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली. आदल्या वर्षी आलेल्या एकूण रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होता. त्या पैशावर कितीतरी घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, भावांची शिक्षणे झाली. त्या कष्टांचा अवमान कोणी करू नये.

सार असे की, एकाच डॉलरच्या दोन किमती आहेत. तेथे खर्च होणारा डॉलर वीस-एकवीस रुपयांचा; तेथे वाचून मायदेशी परतणारा डॉलर नव्वद रुपयांचा. म्हणून पगार किती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. महत्त्वाचे प्रश्न दोन. वर्षाअखेर हाती किती उरणार? आणि हे कुटुंब परतणार आहे की नाही? ज्यांनी कायमचे तेथे राहण्याचे ठरविले, त्यांच्या दृष्टीने नव्वदाने गुणण्यास काही अर्थच उरत नाही. त्यांनी रुपया विसरून, त्या देशातील त्यांच्यासारख्या इतर कुटुंबांशीच स्वतःची तुलना करावी.

यादीत न येणारे आकडे

उरणार किती, हे ठरविताना ज्या खर्चांचा विसर पडतो, त्यांत पहिला क्रमांक दुसऱ्या पगाराचा. एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. स्थायी निवासाच्या प्रक्रियेचा ठराविक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांनाच २०१५ पासून त्याची मुभा आहे. वरच्या उदाहरणातील शिक्षिकेचे सात लाख पहिल्याच दिवशी वजा होतात; दहा वर्षांचा अनुभव आणि तिची स्वतःची ओळख, हे वेगळेच. नोकरीची मुभा मिळाली, तर लहान मुलाला पाळणाघरात ठेवावे लागते आणि तेथील पाळणाघराचा खर्च अनेकदा घरभाड्याच्या बरोबरीला जातो. नाशिकमध्ये हे काम आजी-आजोबा करीत होते आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

दुसरा खर्च आरोग्याचा. ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा मोफत आहे, असे सांगितले जाते. तथापि फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसासोबत प्रत्येक प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, तोही संपूर्ण मुदतीचा आगाऊ. पती, पत्नी आणि एक मूल यांच्या पाच वर्षांसाठी ही रक्कम १४,२३० पौंड होते. पौंड १२० रुपयांचा धरला, तर सुमारे सतरा लाख रुपये! आरोग्यसेवेतील नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना यातून सूट आहे आणि काही कंपन्या हा भार स्वतः उचलतात. पत्र हाती आल्यावर विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा. अमेरिकेत विम्याचा हप्ता भरूनही उपचारांच्या खर्चाचा काही भाग रुग्णाला सोसावा लागतो. २०२५ मध्ये कायद्याने ठरविलेली त्याची कमाल मर्यादा एका कुटुंबासाठी वर्षाला १८,४०० डॉलर होती.

आखातात वेतनावर प्राप्तिकर नाही, हे खरे. संयुक्त अरब अमिरातीचे चलन १९९७ पासून डॉलरशी बांधलेले असल्याने रुपया घसरला की तेथील बचत फुगते. पण मुलांच्या खासगी शाळेची फी आणि घरभाडे यांत तेथील बचतीचा मोठा वाटा जातो आणि राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीशी जोडलेला असतो.

विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी तर तपासणीचे सोपे साधन आहे. तेथे राहण्यास किती लागते, हे ती सरकारे स्वतःच सांगतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याच्या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखविण्याची अट घातली. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मध्ये ही रक्कम २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर केली. कॅनडाचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. तेथील १०,००० कॅनेडियन डॉलरचा आकडा सुमारे दोन दशके तसाच होता. जानेवारी २०२४ मध्ये तो एकदम २०,६३५ झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २२,८९५. यात शिक्षणशुल्क धरलेले नाही. जुन्या आकड्यावर विसंबून गेलेल्या मुलांनी उरलेली तफावत कशी भरून काढली असेल, याची कल्पना करवत नाही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात आणि मध्यमवर्गीयापाशी तारण म्हणजे राहते घर. दलालाच्या माहितीपत्रकापेक्षा त्या देशाचा सरकारी आकडा पालकांनी आधी वाचावा, हे उत्तम.

शेवटचा खर्च अनिश्चिततेचा. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या एका आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी कंपनीवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविले. रोजगारावर आधारित स्थायी निवासात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. परिणामी भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. एका स्वाक्षरीने जे बदलू शकते, त्याच्या भरवशावर तीस वर्षांचे गृहकर्ज काढताना मन थोडे तरी साशंक असावे.

आपली स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

परंतु या हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाशिक स्वस्त वाटते ते कशामुळे? संगणक, मोटार, पेट्रोल, विमानाचे तिकीट या वस्तू येथे स्वस्त नाहीत. निफाड-दिंडोरीची द्राक्षेही निर्यातीच्या प्रतीची असली की बाहेरच्या बाजाराचा भाव मागतात. येथे स्वस्त आहेत ते माणसाचे श्रम. धुणेभांडी करणारी मावशी, पोळ्या लाटणारी ताई, इस्त्रीवाला, रिक्षावाला, सोसायटीचा रखवालदार. न्यू जर्सीतील अभियंता स्वतःची भांडी स्वतः घासतो, कारण तेथे दुसऱ्याच्या एका तासाला भारी मोल द्यावे लागते. येथे ते मोल अल्प आहे, म्हणून मध्यमवर्गाचे जिणे सुखाचे आहे. ‘आपल्याकडे सगळे किती स्वस्त!’ असे म्हणताना ही स्वस्ताई कोणाच्या संसारातून काढलेली आहे, याचे भान समरसतेची भाषा बोलणाऱ्या समाजाने तरी ठेवावयास हवे. सातपूर-अंबडच्या वसाहतीलगत राहणाऱ्या त्या मावशीची मजुरी वाढली, तर क्रयशक्तीच्या कोष्टकातील आपली मिजास थोडी कमी होईल. आणि ते इष्टच आहे.

शिवाय येथे जे खिशातून जाते, ते तेथे पुष्कळदा करातून मिळते. अमेरिकेतील सार्वजनिक शाळेत फी नसते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. येथे खासगी शाळा, तिच्यावर शिकवणी वर्ग, घरात पाण्याचे शुद्धीकरण यंत्र आणि विजेसाठी इन्व्हर्टर. हे खर्च अंगवळणी पडल्यामुळे मोजले जात नाहीत, इतकेच. तरुण पिढी केवळ पैशाच्या लोभाने जाते, हा आरोप म्हणूनच अपुरा आहे. नियमाने चालणारे कार्यालय, चालण्याजोगा पदपथ, प्रयोगशाळेतील साधने यांचेही तिला आकर्षण असते. त्या गोष्टी येथे उभ्या करण्याचे काम उपदेशाहून कठीण आहे.

मागे राहणाऱ्यांचा निर्वाहखर्च

या सर्व चर्चेत परदेशी जाणाऱ्याचा खर्च मोजला जातो. जो जात नाही, त्याचाही खर्च बदलतो, हे कोणी पाहत नाही. मुलगा घरात असताना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला लागतो तो रुग्णालयाचा खर्च. तो परदेशी असताना त्यात चोवीस तासांचा मदतनीस, गाडी-चालक, डबा आणि रात्री धावून येणाऱ्या शेजाऱ्याचे उपकार यांची भर पडते. निरोप मिळाल्यावर मुलगा निघाला, तरी तातडीचे महाग तिकीट काढून, मुंबईत उतरून, कसारा घाट चढून घरी पोहोचेपर्यंत दीड-दोन दिवस जातात. सुनेच्या बाळंतपणाला आई जाते, तेव्हा पर्यटकाच्या व्हिसावर सामान्यतः सहा महिने राहता येते. तिचा मधुमेह वा रक्तदाब जुना असेल, तर प्रवास विमा नेमक्या त्याच आजाराला बहुधा वगळतो.

संसदेने २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा केला. तो भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण बहुसंख्य परदेशस्थ मुलांना त्या कायद्याची गरज नाही. ती पैसे वेळेवर पाठवितात आणि रोज दूरध्वनीही करतात. उणीव भासते ती हाताची. औषधाची बाटली उघडून देणारा हात कोणत्याही बँकेतून धाडता येत नाही. तो हात अखेर कोणाचा तरी असतो: मागे राहिलेल्या बहिणीचा, पुतण्याचा, शेजारच्या वहिनींचा. परदेशातील बचतीत त्यांचाही वाटा असतो आणि तो कोणी मागत नाही, म्हणून तो नाहीच असे होत नाही.

मग जावे की न जावे? या प्रश्नाचे सरसकट उत्तर देणे हा उद्धटपणा ठरेल. जेथे शिकण्यासारखे आहे, तेथे जावे. कष्ट करून कुटुंब वर काढावयाचे आहे, त्याने अवश्य जावे. आग्रह एवढाच की, निर्णयापूर्वी घरातील सर्व मंडळींनी, आई-वडिलांसह, एकत्र बसून वही उघडावी. करकपातीनंतर हाती येणारे वेतन त्या देशाच्या चलनात लिहावे. घरभाडे, विमा, पाळणाघर, वाहन, वर्षाआड मायदेशी येण्याची तिकिटे त्याच चलनात वजा करावीत. सुटणाऱ्या दुसऱ्या पगाराचा आकडा वगळू नये. आई-वडिलांच्या नावे वेगळा रकाना असावा आणि तो त्यांनीच भरावा. मुलाच्या वाटेत आपण आड येऊ नये, या भावनेने ते तो रिकामा सोडतील; तेव्हा तो भरण्याचा आग्रह मुलांनी धरावा. काही वर्षांनी परतावयाचे ठरल्यास त्या परतीची तरतूदही पहिल्याच वर्षापासून करावी. एवढे करून जी शिल्लक उरेल, तिला खुशाल नव्वदाने गुणावे.

समाजाचेही यात कर्तव्य आहे. प्रत्येक वसाहतीत सेवानिवृत्त बँक अधिकारी आहेत, परतून आलेले अभियंते आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा कुटुंबांसाठी राखून ठेवली, तर दलालाच्या दारात जाण्यापूर्वी खरे आकडे कानावर पडतील. आणि ज्या घरांतील मुले गेलेली आहेत, तेथे आठवड्यातून एकदा डोकावणाऱ्या चार तरुणांची नावे त्या त्या गल्लीत ठरलेली असावीत. या कामाला निधी लागत नाही, कार्यालय लागत नाही. एका वहीत पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक लिहून येत्या रविवारी त्याचा प्रारंभ करता येईल.